सांधेदुखीवरील वनौषधी : उपद्रव, सुरक्षितता आणि बिननावाची पुडी

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी आदी तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात आपल्या दवाखान्यांत व औषधालयांत एक मागणी हटकून वाढते. कंबर, गुडघे व खांदे यांच्या दुखण्यावर 'हंगामभर पुरेल असे' औषध मागितले जाते. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि पुन्हा पहाटे फडात उभे राहायचे, असे हे काम आहे. एक दिवस चुकला तर खाडा पडतो आणि तो हिशेबात वळता होतो. अशा रुग्णाला दुखणे थांबवणारे औषध हवे असते व ते तातडीने हवे असते.

ही गरज खरी आहे आणि ती भागवण्याचे सामर्थ्य आपल्या शास्त्रात आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि 'झाडपाल्याचे औषध आहे, अपाय काय होणार?' हे वाक्य रुग्णाच्या तोंडी जितके ऐकू येते, तितकेच ते व्यवसायबंधूंच्या व विक्रेत्यांच्या तोंडीही ऐकू येते. प्रस्तुत लेखात सांधेदुखीवरील वनौषधींचे संभाव्य उपद्रव, त्यांची कारणे आणि ते टाळण्याची रोजच्या व्यवहारातील पद्धत यांचा विचार करावयाचा आहे.

शास्त्राची भूमिका

औषध निरुपद्रवी असतेच, असे आपल्या संहितांनी कोठेही म्हटलेले नाही. युक्तीने योजिलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध ठरते आणि अयुक्तीने दिलेले उत्तम औषधही विषासमान होते, हा चरकाचार्यांचा सिद्धान्त आपण पहिल्याच वर्षी शिकलो. एक व्याधी शमवून दुसरा उत्पन्न करणारा प्रयोग शुद्ध नव्हे, हाही त्याच परंपरेचा निकष आहे. म्हणून दुष्परिणामांची चर्चा करणे हे आयुर्वेदाच्या विरोधात बोलणे नव्हे. मात्रा, काल, अनुपान, प्रकृती, वय, बल व अग्नी यांचा विचार करणाऱ्या शास्त्रात ती चर्चा मुळातच अंतर्भूत आहे.

याचे चांगले उदाहरण गुग्गुळाचेच आहे. गुग्गुळ सेवन करणाऱ्याने काय वर्ज्य करावे, हे भावप्रकाशात सांगितले आहे. आंबट व तीक्ष्ण पदार्थ, अजीर्ण, मद्य, क्रोध यांच्याबरोबर तेथे श्रम व आतप यांचाही उल्लेख येतो. गुग्गुळ कल्प घेऊन उन्हात बारा-चौदा तास ऊस तोडणारा रुग्ण हे पथ्य पाळू शकत नाही. म्हणून त्याला गुग्गुळ देऊच नये असे नव्हे. परंतु घरी बसणाऱ्या रुग्णाची मात्रा व मुदत त्याला जशीच्या तशी लागू करता येत नाही. पित्ताची लक्षणे, त्वचेवर पुरळ, तोंड येणे, जुलाब यांवर लक्ष ठेवावे लागते.

धोके तीन प्रकारचे

चर्चेत नेहमी गल्लत होते, म्हणून आरंभीच वर्गवारी करणे बरे. पहिला धोका औषधद्रव्याच्या स्वतःच्या गुणधर्माचा. दुसरा, रुग्ण घेत असलेल्या अन्य औषधांशी होणाऱ्या संयोगाचा. तिसरा, औषधात असू नये ते द्रव्य असण्याचा, म्हणजे भेसळीचा. पहिले दोन वैद्याच्या विचाराने टाळता येतात. तिसऱ्यासाठी वैद्य व औषधालय मालक या दोघांनाही जागरूक राहावे लागते.

नित्य वापरातील द्रव्ये

गुग्गुळ : पोटात जळजळ, पातळ मलप्रवृत्ती, डोकेदुखी व अंगावर पुरळ हे त्याचे ज्ञात उपद्रव आहेत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्र विभागाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुगुलिपिडच्या एका मात्रेने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे दिसले. हृदयविकार वा रक्तदाबासाठी ही औषधे घेणाऱ्या रुग्णात गुग्गुळ सुरू करताना रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजणे आवश्यक आहे. थायरॉइडची गोळी चालू असल्यास, तसेच गर्भिणी व अत्यार्तवाच्या रुग्णात सावधगिरी बाळगावी.

शल्लकी : तुलनेने सौम्य द्रव्य. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या संधिगतवाताच्या ३० रुग्णांवर झालेला व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वश्रुत आहे. त्यात वेदना व सूज कमी झाली आणि उपद्रव आढळले ते पचनसंस्थेचे व किरकोळ. तथापि आज बाजारात शल्लकीचा निर्यास नव्हे, तर संहत सत्त्व मिळते. चूर्णाची मात्रा व सत्त्वाची मात्रा एक समजू नये.

शुंठी, हळद व पिंपळी : स्वयंपाकघरातील प्रमाणात निर्धोक. परंतु ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वा वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णाला हळदीच्या सत्त्वाच्या कॅप्सूल दीर्घकाळ दिल्यास रक्तस्रावाची शक्यता विचारात घ्यावी. सत्त्वाबरोबर मिरीचे पायपेरीन मिसळलेले असते तेव्हा शोषण वाढते. ते हळदीपुरते मर्यादित राहत नाही; रुग्ण घेत असलेल्या इतर औषधांचेही प्रमाण त्यामुळे बदलू शकते.

अश्वगंधा : झोप व सुस्ती वाढू शकते. थायरॉइडचे प्रमाण वाढल्याची व क्वचित कावीळ झाल्याची वृत्ते वैद्यकीय वाङ्मयात आहेत. रात्री उसाचे वाहन चालवणाऱ्या रुग्णाला सुस्तीची कल्पना आवर्जून द्यावी.

ज्येष्ठमध : आम्लपित्त होऊ नये म्हणून अनेक पाठांत मिसळले जाते. अधिक मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास शरीरात पाणी साचते, पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो.

एरंडतेल, सोनामुखी व सिंहनाद गुग्गुळ : आमवातात उपयुक्त. पण फडात पाण्याची सोय नसताना रेच झाले तर अंगातील पाणी झपाट्याने कमी होते. त्यातच डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतली तर मूत्रपिंडावर थेट आघात होतो. कामाच्या हंगामात रेचक कल्प देणे शक्यतो टाळावे, शोधन करायचे ते घरी परतल्यावर.

बिब्बा, कुचला व बचनाग : ही तिन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'ई-१' परिशिष्टातील, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीतील आहेत. बिब्ब्याने त्वचेवर फोड येतात व मूत्राचे प्रमाण घटू शकते. कुचल्याची मात्रा अधिक झाल्यास स्नायू आखडतात, झटके येतात. बचनागाने ओठ-जीभ बधिर होणे, मुंग्या, उलटी व हृदयाचे ठोके अनियमित होणे ही लक्षणे दिसतात. अशा रुग्णाला घरगुती उतारा देत वेळ न दवडता हृदयालेखाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. ही द्रव्ये शोधित, प्रमाणित व परवानाधारक निर्मात्याकडूनच घ्यावीत.

यकृताचा प्रश्न : पुणे व मुंबई येथील अनुभव

गुळवेलीविषयी अलीकडे बरीच चर्चा झाली. तिच्याकडे भावनेने न पाहता अभ्यासकाच्या दृष्टीने पाहणे इष्ट आहे.

पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिगतवाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांचा तुलनात्मक अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शुंठी, गुडूची, आमलकी व शल्लकी यांवर आधारित आयुर्वेदीय कल्प ग्लुकोसमीन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. त्याच अभ्यासात आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या सात रुग्णांत यकृताच्या एस.जी.पी.टी. या घटकाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांना कोणताही त्रास होत नव्हता. औषध थांबवल्यावर प्रमाण पूर्ववत झाले. परिणाम सिद्ध झाला आणि उपद्रवही सापडला, कारण तेथे नियमित रक्ततपासणी होत होती. तपासणी नसती तर या सातांची कोणाला वार्ताही लागली नसती.

पुढे मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच आक्षेप घेतला, की वापरलेली वनस्पती खरी गुडूचीच होती काय, याची पुरेशी निश्चिती झाली नव्हती. तिच्या जातीतील दुसरी, दिसायला सारखी वेल वापरली गेली असण्याची शक्यता आहे. हा आक्षेप आपल्याला जबाबदारीतून मोकळे करीत नाही, उलट ती वाढवतो. ओळख चुकली असेल तर ती चूक बाजारात, म्हणजे गोळा करणारा, व्यापारी, औषधालय व वैद्य या साखळीत कोठेतरी झाली. कांडावर ठळक गाठीगाठी असलेली वेल गुळवेल म्हणून स्वीकारू नये. शंका आल्यास द्रव्यगुण विभागाकडून ओळख पटवून घ्यावी.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की पूर्वी कावीळ झालेला, नियमित मद्यपान करणारा, क्षयरोगाची वा मेथोट्रेक्सेटची औषधे घेणारा आणि स्वप्रतिकारजन्य विकार असलेला रुग्ण यांत गुळवेलीचे कल्प सुरू करण्यापूर्वी व चार ते सहा आठवड्यांनी यकृताची तपासणी करावी. मंदाग्नी, मळमळ, गडद मूत्र, खाज वा डोळ्यांत पिवळेपणा दिसताच औषध थांबवावे.

धातुयुक्त कल्प

योगराज गुग्गुळ व महायोगराज गुग्गुळ ही दोन नावे रुग्णाला सारखी वाटतात. पहिला काष्ठौषधींचा आहे. शार्ङ्गधरोक्त महायोगराजात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर व रससिंदूर यांची भर असते. नाग म्हणजे शिसे व रससिंदुरात पारा, हे आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु 'योगराज नाही, महायोगराज आहे, तोच घ्या, जास्त चांगला आहे' असे काउंटरवर घडू नये. हा बदल औषधाची मात्रा वाढवण्यासारखा नसून औषधाचा वर्गच बदलण्यासारखा आहे. गर्भिणी, स्तन्यदा माता, बालके व मूत्रपिंडाचे रुग्ण यांत धातुयुक्त कल्प वैद्याच्या प्रत्यक्ष देखरेखीविना जाऊ नयेत.

२००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा अर्सेनिक आढळले. शास्त्रोक्त भस्म व अशुद्ध धातू यांतील भेद त्या अभ्यासाने लक्षात घेतला नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. तथापि जे उत्पादन निव्वळ वनस्पतिजन्य म्हणून विकले जाते, त्यात धातू सापडण्याचे समर्थन आपल्या शास्त्रानेही होत नाही. यानंतर भारत सरकारने निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची केली. मर्यादा ठरल्या त्या दहा लाख भागांत शिसे १०, अर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग अशा. परदेशी रुग्णासाठी जी काळजी घेतली जाते, ती आपल्या गावच्या रुग्णासाठीही मागण्याचा हक्क औषधालय मालकाला आहे. निर्मात्याकडून त्या बॅचचा तपासणी अहवाल मागावा.

लपवलेले स्टेरॉइड

सर्वांत गंभीर धोका हा आहे. आठवडी बाजारात, यात्रेत, रस्त्याकडेच्या तंबूत वा ओळखीच्या माणसामार्फत 'वाताची पुडी' मिळते. तीत चूर्णाबरोबर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायक्लोफेनॅक यांसारखी आधुनिक औषधे कुटून मिसळली जातात. भारतीय हर्बल उत्पादनांतील अशा द्रव्यांचा शोध घेण्याची पद्धत मोहालीच्या राष्ट्रीय औषधशिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्येच प्रसिद्ध केली. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. 'आर्ट्री किंग' या नावाने सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या उत्पादनात लेबलावर न लिहिलेले डायक्लोफेनॅक व डेक्सामेथासोन असल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये लोकांना एकाहून अधिक वेळा इशारे दिले.

डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाई येथील शासकीय रुग्णालयास पुरवलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांत ते द्रव्यच नसल्याचे उघड होऊन गुन्हा दाखल झाला, हे आपल्या जिल्ह्याला आठवत असेलच. तेथे लेबलावरचे द्रव्य गोळीत नव्हते. वाताच्या पुडीत जे द्रव्य असते, ते कोठेच लिहिलेले नसते.

स्टेरॉइडयुक्त पुडी ओळखण्याची घरगुती रासायनिक कसोटी नाही. लक्षणांवरून मात्र संशय घेता येतो. अनेक वर्षांचे दुखणे एक-दोन दिवसांत नाहीसे होणे, भूक एकाएकी वाढणे, पुडी बंद करताच दुखणे दुप्पट वेगाने परतणे, चेहरा गोल व सुजट दिसणे, हातापायांची त्वचा पातळ होऊन किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग पडणे, पोटावर जांभळट रेषा उमटणे, आटोक्यातील मधुमेह वा रक्तदाब विनाकारण बिघडणे व काळा मल होणे ही लक्षणे दिसताच पुडीची चौकशी करावी. दीर्घ वापराने खुब्याच्या हाडाचे डोके निर्जीव होऊ शकते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो.

येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. संशय येताच 'ती पुडी आजच फेकून द्या' असे सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड पोटात गेले असल्यास शरीरातील अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. पुडी एकाएकी बंद झाली तर कमालीचा थकवा, उलट्या, रक्तदाब व साखर घसरणे व प्रसंगी प्राणसंकट ओढवू शकते. अशा रुग्णाला पुडीसह बीडच्या जिल्हा रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वा जवळच्या फिजिशियनकडे लगेच पाठवावे. तेथे मोजलेल्या मात्रेत स्टेरॉइड देऊन ते क्रमाने उतरवता येते. आपली चिकित्सा त्या देखरेखीबरोबर चालू ठेवता येईल.

स्त्री रुग्णांविषयी विशेष

ऊसतोड स्त्रियांतील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. याचा सांधेदुखीशी संबंध काय, असे वाटेल. गर्भाशयाबरोबर बीजांडकोषही काढले गेले असल्यास ऐन तारुण्यात रजोनिवृत्तीची अवस्था येते व हाडांची झीज लवकर सुरू होते. पस्तिशीतील स्त्री 'अंग दुखते, कंबर धरते' असे सांगत येते, तेव्हा तिची शस्त्रक्रिया झाली आहे काय, कोणत्या वयात झाली, काय काय काढले, हे विचारलेच पाहिजे. अशा स्त्रीच्या हाती स्टेरॉइडची पुडी पडणे म्हणजे आधीच झिजलेले हाड आणखी पोखरणे होय. तिला वेदनाशामक पुडीपेक्षा अस्थिधातूचे पोषण, आहार, रक्तातील कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची तपासणी व गरज असल्यास अस्थिघनतेची चाचणी यांची आवश्यकता अधिक आहे.

औषधालय मालकांसाठी

आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीला परवाना लागतो. विक्रीला औषध कायद्याखाली स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे ती किराणा दुकानापासून पानटपरीपर्यंत कोठेही विकली जातात. अशा परिस्थितीत जाणत्या औषधालयाचा वेगळेपणा निवडीत दिसला पाहिजे. माल घेताना पुढील बाबी तपासाव्यात.

१) निर्मात्याचे नाव, पूर्ण पत्ता, निर्मिती परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख व मुदत. नुसता मोबाईल क्रमांक असलेली डबी ठेवू नये.

२) घटकद्रव्यांची नावे व प्रमाण. 'गुप्त पाठ' असे म्हणणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे परत पाठवावे.

३) 'ई-१' परिशिष्टातील द्रव्य असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लेबलावर इंग्रजी व हिंदीत छापलेली असणे बंधनकारक आहे. ती नसेल तर माल स्वीकारू नये. ती असेल तर वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये.

४) चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक असलेली ग्लुकोसमीन, कोलॅजेन वा मिश्र 'जॉइंट सप्लिमेंट' ही कायद्याने अन्नपूरके आहेत, औषधे नव्हेत. ती रोग बरा करतात असे ग्राहकाला सांगू नये. ग्लुकोसमीन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून व कोलॅजेन प्राण्यांच्या वा माशांच्या अवयवांपासून काढले जाते. मासळीची ॲलर्जी असलेल्यांना ते अपायकारक ठरू शकते. आपल्या भागात माळकरी रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांना हे आधी सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

५) बिलाविना माल घेऊ नये. एखाद्या बॅचविषयी दोन-तीन ग्राहकांची सारखी तक्रार आली तर उरलेला माल बाजूला काढून अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांना कळवावे.

बिननावाची पुडी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः औषध तयार करणाऱ्या वैद्याला औषध कायद्याने निर्मिती परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट आपल्या परंपरेचा सन्मान आहे. परंतु या सवलतीखाली दिली जाणारी आपली पुडी बहुधा कोऱ्या कागदाची असते. तीवर नाव नसते, घटक नसतात, तारीख नसते. तंबूतल्या भोंदूची पुडीही अगदी तशीच असते. रुग्णाला, त्याच्या नातलगांना वा अन्य डॉक्टरांना या दोन पुड्यांत फरक कसा करता यावा?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. आपण दिलेले औषध कोल्हापूर, सांगली, सातारा वा बेळगाव जिल्ह्यातील एखाद्या फडात पोटात जाते. समजा, तेथे रुग्णाला कावीळ झाली, मूत्र कमी झाले वा तो बेशुद्ध पडला. तेथील रुग्णालयातील डॉक्टर विचारतात, 'काय औषध चालू होते?' सोबतचा माणूस खिशातून चुरगळलेली कोरी पुडी काढतो. त्या क्षणी डॉक्टरांजवळ उपचाराचा धागा नसतो. आणि 'आयुर्वेदिक औषधाने झाले' ही नोंद कागदावर होते. औषध निर्दोष असले तरी ते सिद्ध करण्याचे साधन आपण रुग्णाच्या हाती दिलेले नसते. दोष असला तर तो ओळखून प्राण वाचवण्याचे साधनही दिलेले नसते.

यास्तव आम्ही सर्व व्यवसायबंधू-भगिनींना पुढील कार्यपद्धती सुचवतो. हिला खर्च जवळजवळ नाही.

१) प्रत्येक पुडीवर वा डबीवर शिक्का व चिठ्ठी असावी : रुग्णाचे नाव, कल्पाचे नाव, घटकद्रव्ये, मात्रा, अनुपान, दिल्याची तारीख, संपवण्याची तारीख, वैद्याचे नाव व नोंदणी क्रमांक.

२) हंगामावर जाणाऱ्या रुग्णाला सहा महिन्यांचे औषध एकदम देऊ नये. एका महिन्याचे द्यावे. पुढचे गावी परतणाऱ्या नातलगाकरवी वा टपालाने, पण दूरध्वनीवर लक्षणे विचारल्यानंतरच पाठवावे. चूर्णे दमट पालात लवकर बिघडतात, हेही कारण आहेच.

३) निघण्यापूर्वी रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन व एस.जी.पी.टी. पाहावे. सर्व शक्य नसल्यास निदान पहिल्या दोन तपासण्या व मूत्रपरीक्षण टाळू नये.

४) प्रत्येक सांधेदुखीच्या रुग्णाला तीन प्रश्न विचारावेत : दुसरी कोणती औषधे चालू आहेत? दुखण्यावर मेडिकलमधून कोणती गोळी घेता? यापूर्वी कोणाकडची पुडी घेतली होती व तिने किती दिवसांत आराम पडला? उत्तरे केसपेपरवर लिहावीत.

५) थांबण्याची लक्षणे सोप्या भाषेत चिठ्ठीवर छापावीत : डोळे पिवळे होणे, लघवी कमी वा गडद होणे, अंगावर पुरळ, ओठ-जीभ बधिर होणे, काळी शौच, तोंडावर सूज. 'यांपैकी काहीही झाले तर औषध थांबवा, ही चिठ्ठी घेऊन जवळच्या दवाखान्यात जा आणि आम्हाला कळवा.' पूर्वी अन्य कोणाची पुडी दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णाला मात्र ती परस्पर बंद न करता प्रथम तपासणीस येण्यास सांगावे.

नोंद व कळवणे

आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची राष्ट्रीय योजना प्रथम २००८ मध्ये जामनगर येथून सुरू झाली. सध्या नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र असून तिच्या अखत्यारीत देशभर मध्यवर्ती व परिघीय केंद्रे आहेत. २०२५ मध्ये आयुष मंत्रालयाने 'आयुष सुरक्षा' हे पोर्टलही सुरू केले. दुष्परिणामाचा केवळ संशय असला तरी तो कळवता येतो. औषधानेच झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते, रुग्णाचे नाव गुप्त राहते आणि कळवल्याने वैद्य दोषी ठरत नाही. तरीही आपल्यापैकी फार थोडे वैद्य असे अर्ज भरतात. परिणामी आपल्या औषधांच्या दुष्परिणामांची माहिती आपल्याकडून न येता यकृततज्ज्ञांच्या नियतकालिकांतून येते आणि आपण खुलासे करीत बसतो. नोंद आपण ठेवली तर कोणत्या गुळवेलीने अपाय झाला, कोणत्या मात्रेने झाला, कोणत्या रुग्णात झाला, याचे उत्तर आपल्याजवळ असेल.

सांध्यांचे दुखणे हे आपल्या जिल्ह्यातील कष्टकऱ्यांच्या जीवनाशी जडलेले आहे. हे दुखणे कमी करताना यकृत, मूत्रपिंड वा हाड गमावण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, एवढी हमी त्यांना आपल्याकडून मिळाली पाहिजे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात निदान शिक्का व चिठ्ठी एवढी सोय करून घ्यावी आणि एकही पुडी बिननावाची बाहेर जाऊ देऊ नये, अशी आमची सर्व वाचकांना आग्रहाची विनंती आहे. आपापल्या तालुक्यात या पद्धतीचा जो अनुभव येईल, तो या त्रैमासिकाकडे जरूर लिहून पाठवावा.